तुझ्या नावाचा कप आम्हाला नको

काशा,

तुझ्या नावाचा कप काढणार आहेत. चांदीचं पाणी दिलेला, दोन कानांचा, खाली लाकडी बैठक. शेटने परवाच्या शोकसभेत स्वतः जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. 'कै. काशिनाथ स्मृती चषक.' पुढच्या वर्षीपासून नाशिक-भिवंडी सायकल शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात जो निजामपुऱ्यात पहिला पोचेल, त्याला तो मिळणार. म्हणजे ज्या गल्लीत तुला पहिलं येऊ दिलं नाही, त्याच गल्लीत तुझं नाव टांगून ठेवणार.

टाळ्या वाजवणाऱ्यांची तोंडं मी नीट बघून घेतली. तीच होती. मागच्या थंडीत तू सायकल हातात धरून याच गल्लीतून चालत गेलास तेव्हा 'विकला, काशा विकला' म्हणणारी. तेव्हा बोटं मोडली, आता हार आणले. हाराची फुलं मात्र ताजी होती, तेवढं म्हणायला हवं.

त्या सभेत पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी माझं तुझ्याशी भांडण आहे. मला पत्रक लिहिता येतं, दुसरं काही येत नाही, आणि पत्रकात मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत मी शिकलो नाही. 'मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांच्या उपयोगी पडणारा' हे सगळं शेटच्या मेहताजीने वाचून दाखवलं. मी त्यातलं काही लिहिणार नाही. तू तोंडाला टाके घातलेला माणूस होतास. तुझ्या गप्प बसण्याचा मला जिवंतपणी राग होता. आजही आहे.

आपली ओळखच भांडणातून झाली. शिफ्ट सुटायच्या वेळी मी शेटच्या यंत्रमागाच्या कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटत होतो. तू एक घेतलंस, उलटसुलट पाहिलंस, खाली बसलास आणि त्याने सायकलची चेन पुसायला लागलास.

"कागद चांगला हाय," तू म्हणालास. "तेल पितो."

"वाचायला दिलाय तो."

"वाचला ना. शेट चोर हाय. ते मना लूमवर पण कळतं."

बाजूचे सगळे हसले. माझा पारा चढला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुझ्याच हातात पत्रक दिलं, आणि तू ते घडी करून खिशात ठेवलंस. त्यानंतर रोज घ्यायचास. वाचत होतास की चेन पुसत होतास, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी शर्यतीच्या विरोधात होतो. आजही आहे. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्या शेटांनी माणसं पाळली, असं मी पत्रकात लिहिलं होतं. प्रत्येक मोठ्या कारखान्याचे दोन-तीन पगारी सायकलवाले. शर्यतीच्या दिवसांत त्यांना अर्धी ड्युटी, दूध, अंडी, आणि पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं बनियन. तीन टप्पे. नाशिकहून इगतपुरी, इगतपुरीहून घाट उतरून शहापूर, आणि शहापूरहून पडघ्यामार्गे भिवंडी. शेट जीपमधून मागे. घाटात तुमच्या ब्रेकची रबरं जळायची, वास जीपपर्यंत जायचा, आणि शेट नाकाला रुमाल लावायचा. हे तूच मला सांगितलंस, हसत हसत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

वज्रेश्वरीच्या कुंडाकाठी बसून आपण यावर किती बोललो असू. तुझ्या घरून, शेलारहून, सायकल मारत तू तिथपर्यंत सरावाला जायचास आणि पोटऱ्या सैल व्हाव्या म्हणून पाय गरम पाण्यात सोडून बसायचास. मी एस.टी.ने मागाहून. आजूबाजूला त्वचारोगी, नवसाला आलेली माणसं, आणि मध्ये आपण दोघं.

"तू शेटचा घोडा आहेस," मी म्हणालो होतो.

"घोड्याला दाणा भेटतो."

"लाज नाही वाटत?"

"तुला सायकलवर बसता येतं का रं?"

"त्याचा काय संबंध?"

"घाटाखाली आलं ना, की वारा मागून येतो. तवा पाठीवर कुणाचं नाव हाय ते दिसत न्हाय. माझी पाठ मना कुठून दिसणार?"

यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक 'हा पलायनवाद आहे' असं काहीतरी. तू पाय पाण्यातून काढलेस, मी तेव्हा नवीनच शिवलेल्या बेलबॉटमवर पाणी झटकलंस आणि म्हणालास, "हा झाला तुझा पलायनवाद." त्या दिवशी सोबत चणे खात परत आलो. एस.टी.च्या खिडकीतून मी आणि शेजारून तू, अंबाडीपर्यंत गाडीला मागे टाकत. ड्रायव्हर चिडून हॉर्न वाजवत होता. मी मान खाली घालून बसलो होतो, आणि तरी मनात म्हणत होतो, मार अजून, मार.

हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. मी शर्यतीच्या विरोधात होतो आणि तुझ्या बाजूने होतो.

निजामपुऱ्याची सगळी गल्ली तुझ्या बाजूने होती. शर्यतीच्या तीन दिवसांत युसूफचाचांच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसायची. कसाऱ्याहून आलेला ट्रक ड्रायव्हर थांबला की त्याला फुकट चहा, अट एकच, काशा कितवा होता ते सांग. चाचांनी वर्तमानपत्रात आलेला तुझा फोटो गल्ल्याच्या वर खळीने चिकटवला होता. आझमगडचा रामअवध, तुझ्या शेजारच्या लूमवर काम करणारा, त्या फोटोला उदबत्ती ओवाळायचा. चाचा म्हणायचे, "अरे तो जिता आहे, उदबत्ती कशाला?" रामअवध म्हणायचा, "चाचा, हमारे यहाँ जिंदा पहलवान को भी लगाते हैं."

आणि या सगळ्या भक्तांपैकी निम्म्यांनी शर्यतीचा शेवट कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. कारण लूम चालू असायचे. शर्यत संपायची आमच्याच गल्लीत, पण दिवसपाळीचा माणूस आत, भिंतीपलीकडे. ज्यांची रात्रपाळी ते न झोपता, लाल डोळ्यांनी, गल्लीच्या टोकाला उभे राहायचे. तिथे फीत नसते. दोन माणसं शेटच्या लूमवरचं कोरं कापड आडवं ताणून धरतात. जो पहिला येतो तो छातीने ते ओढून नेतो, आणि मग तेच कापड त्याच्या खांद्यावर टाकतात. तुला ते कापड हवं होतं. तू कधी बोलला नाहीस, पण हवं होतं. तू ते रोज विणत होतास आणि ते तुझ्या खांद्यावर कधी पडलं नव्हतं.

आता दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. भिवंडीबाहेरच्या माणसाला ती सांगावी लागते, आपल्याला नाही.

निजामपुऱ्यात लूमचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. तान्ही मुलं त्यात झोपतात. ऐकू येतं ते थांबणं. लाइट गेली तर बल्ब विझतात, रेडिओ बंद पडतो, लोक शिव्या घालत बाहेर येऊन बसतात, त्याचं कुणाला काही नाही. पण बल्ब पेटलेला आहे, रेडिओ गातो आहे आणि लूम थांबले, तर जॉबरने, म्हणजे मुकादमाने, मेन स्विच खाली ओढला. म्हणजे कुणीतरी मशीनमध्ये सापडलं. शेजारचे कारखानेही मग पटापट थांबतात, माणसं धावतात. आणि प्रत्येक खोलीतून बाई बाहेर येते. हात पिठाचे असोत, साबणाचे असोत. ती काही विचारत नाही. कारखान्याच्या दाराकडे बघत उभी राहते, कुणाला बाहेर आणतात ते बघायला.

तुझा थोरला भाऊ मधू असाच बाहेर आला होता. लूमच्या पट्ट्यात उजवा हात गेला. पट्ट्यावर जाळी नव्हती, सफाईला अडचण होते म्हणून काढून ठेवली होती आणि परत बसवली नव्हती. तू तुझ्या लूमवर होतास. तूच त्याला उचललंस. त्याची बायको, सुमनवहिनी, समोरच्या खोलीच्या दारात उभी होती, भाकरी थापता थापता आलेली, पिठाचे हात तोंडावर. तिच्या गालांवर पांढरी बोटं उमटली होती, हे तू मला एकदाच सांगितलंस आणि पुन्हा त्यावर बोलला नाहीस.

शेट दवाखान्यात आला. मोसंबी घेऊन. 'मधूची नजर चुकली' असं म्हणाला, आणि सगळ्यांनी तसंच म्हणायचं ठरलं. बदल्यात मधूला गेटवर स्टूल मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा, संध्याकाळी कुलूप लावायचं. डाव्या हाताने जमतं तेवढं काम. तुझं घर त्या स्टुलावर उभं होतं. तुम्ही दोघांनी तोंडं बंद केली. जाळी परत बसली नाही.

आणि मग मागच्या थंडीतली ती शर्यत.

इगतपुरीला तू तिसरा होतास, शहापूरला पहिला. पडघ्याहून दूध घेऊन येणाऱ्या टेम्पोने बातमी आणली की काशा एकटा पुढे आहे, मागे कल्याणच्या कारखान्याचा पोरगा, बाकी कुणी दिसत नाही. गल्लीच्या टोकाला, जिथे कापड ताणलं होतं, तिथे मांडव होता, लाउडस्पीकर होता, मुंबईहून बोलावलेले पाहुणे होते. पाहुण्यांना भाषण करायचं होतं. लूमच्या खडखडाटात भाषण कोण ऐकणार? म्हणून शेटने सांगितलं, पहिला सायकलवाला वखारीच्या वळणावर दिसला की सगळे स्विच खाली ओढा. शेजारच्या शेटांनाही निरोप गेले. मांडवात सगळ्यांना माहीत होतं. घराघरातल्या बायकांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्यांना कोण विचारतं?

मी वखारीच्या वळणावर उभा होतो, शर्यतीच्या विरोधातली पत्रकं घेऊन. त्यामुळे जे मी पाहिलं ते मांडवातल्या कुणी पाहिलं नाही. तू वळलास. एकटा. मान खाली, कोपर बाहेर, बनियन पाठीला चिकटलेलं. समोर रिकामी गल्ली आणि टोकाला ताणलेलं कापड. आणि लूम थांबले. एका मागोमाग एक कारखाना, तुझ्या दोन्ही बाजूंनी. बल्ब पेटलेले. कुठल्यातरी खोलीत रेडिओवर शेतीची माहिती चालू.

आणि बाया बाहेर आल्या. दोन्ही बाजूंनी, प्रत्येक दारातून. एकही तुझ्याकडे बघत नव्हती. सगळ्या कारखान्याच्या दाराकडे. त्यांच्यात सुमनवहिनी.

तू ब्रेक दाबलास. मागचं चाक आडवं गेलं, तू पाय टेकवलास आणि कारखान्याच्या दाराकडे मान वळवलीस. मधू स्टुलावरून उठून उभा राहिला होता. त्याने तुला हाताने पुढे जायला सांगितलं. म्हणजे नसलेल्या हाताने, कोपराने. तुला कळलं तोवर कल्याणचा पोरगा तुझ्या खांद्याला घासून निघून गेला होता. कापड त्याने ओढलं. तू उतरलास आणि सायकल हातात धरून चालत पुढे गेलास.

टोकाच्या लोकांना एवढंच दिसलं की रिकाम्या रस्त्यावर, कापड समोर दिसत असताना, काशाने ब्रेक मारला. ते लाउडस्पीकरखाली होते. त्यांना थांबलेले लूम जाणवलेच नाहीत. ज्यांना जाणवले त्या बाया, आणि बायकांना शर्यतीचा निकाल कोण विचारतो?

संध्याकाळी युसूफचाचांच्या हॉटेलात जी सभा भरली ती माझ्या कुठल्याही सभेपेक्षा मोठी होती. पंक्चर झालं असेल, एकजण म्हणाला. मग चालवत का नाही आला? पोटात कळ आली असेल. कळ आली तर माणूस पुढे वाकतो, हा बाजूला बघत होता. कुणाकडे? इशारा कुणी केला? कल्याणच्या शेटचा आणि आपल्या शेटचा सोयरसंबंध जुळतोय म्हणे. मग झालं तर. विकला. एकाने शब्द काढला आणि सगळ्यांना बरं वाटलं. कोडं सुटल्यासारखं.

तू आलास. तुझी हिंमत म्हणून आलास. रामअवध उठला. तीन दिवस उदबत्ती लावणारा रामअवध.

"क्या काशीनाथ, मंजिल पे ब्रेक कौन मारता है?"

"लूम बंद पडले," तू म्हणालास.

"तो?"

"हात थांबला."

"हाथ थांबला कि पाँव?" आणि सगळं हॉटेल हसलं. तूही हसलास. ते तुझं हसणं मी माफ करणार नाही. हसलास आणि चहा मागितलास. चाचांनी कप ठेवला, पण तुझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्ल्याच्या वरचा फोटो खरवडलेला होता. खळ चांगली होती, अर्धा कान भिंतीवरच राहिला.

मी त्याच रात्री बसलो आणि पत्रक लिहिलं. मला वाटतं, माझं सगळ्यात चांगलं पत्रक. पट्टा, जाळी, मधूचा हात, पाहुण्यांचं भाषण, बाहेर आलेल्या बाया, तू. सगळं एका पानात. मथळा होता 'काशा का थांबला?' शिळाप्रेसवाल्याकडे देण्याआधी तुला दाखवायला शेलारला आलो. तू अंगणात सायकल उलटी करून चाकाचे आरे कसत होतास. वाचलंस. या वेळी पूर्ण वाचलंस, मला दिसत होतं. ओठ हलत होते.

"खरं हाय," तू म्हणालास.

"मग?"

"छापू नको."

"का?"

"दादाचं स्टूल जाईल."

"आणि तुझं नाव गेलं ते?"

"नाव काय खायला लागतं?"

"काशा, उद्या त्याच पट्ट्यात दुसऱ्याचा हात जाईल. तेव्हा तुझं हे गप्प बसणं त्याला पुरणार आहे?"

तू चाक फिरवलंस. ते फिरत राहिलं. मग म्हणालास, "मी हाय तवर न्हाय. मंग तुला काय करायचं ते कर."

"गुलाम आहेस तू," मी म्हणालो.

तेवढ्यात तुझी आई ताक घेऊन आली. मी ताक प्यालो, पेला ठेवला आणि निघालो. मागून तू हाक मारलीस, "ए, ऐक ना." मी वळलो. तू हातातला पाना बघत होतास. "काय न्हाय," म्हणालास. "जा. एस.टी. चुकेल."

काय सांगायचं होतं तुला? त्यानंतरही आपण भेटलो, बोललो, वज्रेश्वरीला गेलो, पण ते वाक्य तू पुरं केलं नाहीस, आणि मी ताठ्यात विचारलं नाही. गल्लीत लोक 'विकलेला' म्हणून हाक मारायचे, आधी रागाने, मग सवयीने, मग गमतीने. तू ओ द्यायला लागलास. शेटने तुला काढलं नाही. कसं काढणार? तू खरं बोलत नव्हतास, यापेक्षा चांगला नोकर कुठे मिळतो.

कावीळ झाली तेही तू सांगितलं नाहीस. ताप अंगावर काढलास, कारण खाडा झाला की लूमवर बदली माणूस बसतो. डोळे हळदीसारखे झाले तेव्हा रामअवधच्या लक्षात आलं. मग शेलारच्या वैद्याची पानं, मग ठाण्याचं सरकारी इस्पितळ, उशीर. मी आलो तेव्हा तू झोपेत होतास आणि पाय हलत होते. नर्स म्हणाली ग्लानी आहे. मला माहीत होतं कुठला घाट उतरतो आहेस ते.

तुझ्या तिरडीवर घालायला शेटने कापड पाठवलं. त्याच लूमवरचं, कोरं. शेवटी पडलं तुझ्या खांद्यावर. मला ते ओढून फेकून द्यावंसं वाटलं. तुझी आई त्याची घडी सरळ करत होती, म्हणून हात आवरला.

आता परवाची सभा.

त्याच गल्लीत, त्याच टोकाला, तोच मांडव. मेहताजीने तू किती मनमिळाऊ होतास ते वाचलं. शेटने कप जाहीर केला. टाळ्या झाल्या. मग शेट म्हणाला, आपल्या काशिनाथला श्रद्धांजली म्हणून आपण दोन मिनिटं शांतता पाळू, आणि आज कारखानेही त्याच्यासाठी थांबतील. मोठं मन दाखवायचं होतं त्याला. मेहताजीने हात वर केला. आत जॉबरने स्विच ओढला. शेजारच्यांनी ओढले.

दुपारची वेळ. बल्ब पेटलेले. लूम बंद.

या वेळी लाउडस्पीकरही बंद होता, काशा. या वेळी सगळ्यांना जाणवलं.

माना वळल्या. सगळ्यांच्या, एकदम. हात जोडून, डोळे मिटून उभी असलेली माणसं, त्यांनी डोळे उघडले आणि कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. आताच कानाने ऐकलं होतं की लूम श्रद्धांजलीसाठी थांबणार आहेत, तरी. युसूफचाचा बाकावरून अर्धे उठले. आणि रामअवध, 'हाथ कि पाँव' विचारणारा रामअवध, हातातला हार टाकून धावला. पार कारखान्याच्या दारापर्यंत. तिथे उंबऱ्यावर त्याला कळलं की कुणी सापडलेलं नाही. तो तिथेच थांबला, एक पाय आत, एक बाहेर. बाया तोवर बाहेर आल्या होत्या. दोन्ही बाजूंनी, प्रत्येक दारातून.

कुणी काही बोललं नाही. शांतताच पाळायची होती. रामअवध वळला, आणि वखारीच्या वळणाकडे बघत राहिला, जिथे तू पाय टेकवला होतास. मग डोकं धरून उंबऱ्यावर बसला. चाचा माझ्याजवळ होते. ते हळूच म्हणाले, "हे म्हणत होता होय रे तो."

होय चाचा. हेच म्हणत होता. सरळ, तीन शब्दांत. तुम्ही सगळे कारीगर, जन्म लूमवर गेला तुमचा, आणि तुम्हाला समजायला तो मरावा लागला.

शेट घड्याळ बघत होता. दोन मिनिटं संपायच्या आधीच मधू उठला. त्याने स्टूल डाव्या हाताने उचललं, काखेत मारलं, गल्लीतून चालत मांडवापर्यंत आला आणि ते टेबलावर, तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी ठेवलं. शेटला म्हणाला, "हे तुमचं." मग माझ्याकडे वळला. "तू लिवलेलं हाय ना काय ते. काशाने सांगितलं होतं मना. छाप."

मी सुमनवहिनीकडे पाहिलं. उद्या चूल कशावर पेटणार हे तिला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, "छापा भाऊजी. माझं नाव पण घाला."

म्हणजे तू मधूला सांगितलं होतंस. तेच सांगायचं होतं का, पाना हातात धरून? की 'दादाला विचार' म्हणायचं होतं? माहीत नाही. ते एक वाक्य तू घेऊन गेलास आणि त्याबद्दल मी तुला जन्मभर शिव्या देणार आहे. तू बोलला असतास तर ही गल्ली तू असतानाच वळली असती. नसतीही वळली, असं तू म्हणशील. म्हण. समोर येऊन म्हण.

पत्रक उद्या निघेल. मथळा तोच आहे. कप कुणी घ्यायचा नाही, कापड कुणी धरायचं नाही, आधी जाळ्या, एवढी एकच ओळ वाढवली आहे. मधूने आणि वहिनीने खाली नावं घातली आहेत. चाचांनी, रामअवधनेही. रामअवधला मी म्हणालो, तुझी नोकरी जाईल. तो म्हणाला, "जाने दो. उस पे हँसा था मैं."

आणि हो, सभेचं राहिलंच. शेटने मेहताजीला खूण केली, मेहताजीने जॉबरला, आणि लूम चालू झाले. एका मागोमाग एक, सगळी गल्ली पुन्हा थरथरायला लागली. एरवी आवाज सुरू झाला की बाया श्वास सोडतात आणि आत जातात, भाकरी करपत असते.

परवा आवाज सुरू झाला आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. दाराकडे नाही, मांडवाकडे बघत.